आयरिश फ्लूट घेताय? सूर आधी, लाकूड नंतर!

आयरिश फ्लूट मुळात आयर्लंडची नाहीच! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आणि युरोपात मैफलींसाठी बनणारी ही लाकडी बासरी. १८३१ मध्ये म्युनिकचा फ्लूटवादक थिओबाल्ड बोएम लंडनला गेला, तिथं चार्ल्स निकल्सन या वादकाच्या मोठ्या भोकांच्या फ्लूटचा दणदणीत आवाज ऐकला आणि परतल्यावर नवी फ्लूट घडवायच्या मागेच लागला. १८४७ मध्ये त्याची दंडगोल नळीची फ्लूट आली. ऑर्केस्ट्रा हळूहळू तिकडे वळले, जुन्या लाकडी फ्लूट स्वस्तात निघाल्या आणि आयरिश लोकवादकांनी त्या उचलल्या. स्लायगो, रॉसकॉमन, लीट्रिम हे तिथले फ्लूटचे बालेकिल्ले. ‘द चीफ्टन्स’ या आयरिश लोकसंगीताच्या चमूचे फ्लूटवादक मॅट मॉलॉय रॉसकॉमनचेच.

आजचे कारागीर बहुधा लंडनच्याच दोन जुन्या घाटांवर काम करतात. प्रॅटन घाटाची भोकं मोठी, आवाज खणखणीत, पण दम भरपूर लागतो. रडॉल घाटाची भोकं त्यामानानं लहान. बोटं आखूड असतील तर सरळ रडॉल घ्या.

बासरी शिकलेल्यांसाठी खास खबर. साधी आयरिश फ्लूट ‘डी’ची असते, म्हणजे सहाही भोकं बंद केली की डी वाजतो. आपल्याकडे पट्टी ठरते ती वरची तीन भोकं बंद केल्यावर येणाऱ्या ‘सा’वरून. आता आयरिश फ्लूटची तीन भोकं बंद करून बघा: जी! म्हणजे ती आपली पांढरी पाचची मध्यम बासरीच झाली. सगळी भोकं उघडली की तीव्र मध्यम, तोही जिथल्या तिथं. शुद्ध मध्यमासाठी मात्र आपण पहिलं भोक अर्धं झाकतो, तर आयरिश वादक ते उघडंच ठेवून त्याच्या लगेच खालची दोन बंद करतात.

आता लाकडाचा मोह. फ्लूटसाठी वापरलं जाणारं आफ्रिकन ब्लॅकवुड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. ते सह्याद्रीतल्या आपल्या शिसवीचं सख्खं भावंड, दोघंही डालबर्जिया कुळातले. बेकायदा तोडीमुळे २०१७ पासून या अख्ख्या कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि वाद्यांनाही परवान्याचं झेंगट लागलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

पण लाकडानं आवाज बदलतो का? अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन नळ्यांना एकसारखीच तोंडं बसवून त्या वाजवून घेतल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही, वाजवणाऱ्यांनाही नाही! खरी करामत असते आतल्या पोकळीच्या मापात आणि फुंकेच्या भोकाच्या कडेत. आयरिश फ्लूटची पोकळी टोकाकडे निमुळती होत जाते. ती बेतताना चूक झाली तर खालचा आणि वरचा सूर जुळत नाही, मग तुम्ही कितीही रियाज करा.

लाकडाला तडा जातो तोही बहुतेक वेळा तोंडाच्या भागात, कारण तिथं आत धातूची नळी बसवलेली असते. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, धातू आकसत नाही आणि लाकूड चिरतं. म्हणूनच नवी लाकडी फ्लूट सुरुवातीला रोज थोडा वेळच वाजवायची, आतून पुसायची, अधूनमधून तेल द्यायचं. डेलरिन या टणक प्लास्टिकला यातलं काहीच लागत नाही. चक्क नळाखाली धुवा! माझ्या मते नवशिक्यासाठी चांगल्या कारागिराची डेलरिन फ्लूट बेसुऱ्या शिसवीपेक्षा शंभरपट बरी.

आणि की, म्हणजे बोटानं दाबायच्या धातूच्या चाव्या? त्यांनी किंमत बरीच वाढते. बहुतेक आयरिश धुना डी आणि जीमध्ये असतात, त्या की नसलेल्या फ्लूटवर आरामात वाजतात. पायथ्याशी दोन जादा भोकं दिसली तर बोटं ताणत बसू नका, ती झाकायची नसतातच. ती फक्त खालचा सूर नीट लागावा म्हणून.

ऑनलाइन दिसणाऱ्या चकचकीत, पितळी कड्यांच्या स्वस्त फ्लूटपासून मात्र जपून राहा. त्यातल्या बऱ्याच शोकेसमध्येच शोभतात. पैसे देण्याआधी एखाद्या जाणत्या बासरीवाल्याला फुंकायला द्या, मोबाइलवर ट्यूनर लावा आणि प्रत्येक सूर दोन्ही सप्तकांत तपासा. जुळला तरच घ्या.