वॉशिंग्टनचे वार्तापत्र : क्षमेची सही

येथे राष्ट्राध्यक्षाची मुदत सरत आली म्हणजे माफीच्या अर्जदारांची आणि त्यांच्या वकिलांची व्हाइट हाउसच्या दाराशी अशी रीघ लागते, की पेशवाईत इनामाच्या सनदेसाठी ताटकळणाऱ्या मंडळींची आठवण व्हावी. २० जानेवारी २००१ रोजी, अधिकारसूत्रे खाली ठेवण्यास काही तास उरले असता, बिल क्लिंटन यांनी १४० जणांना माफी बहाल केली. त्यांत करचुकवेगिरीच्या खटल्यातून निसटून स्वित्झर्लंडात राहिलेला मार्क रिच हा धनाढ्य व्यापारीही होता, आणि त्याच्या घटस्फोटित पत्नीने क्लिंटन यांच्या पक्षाला भरघोस देणग्या दिल्या होत्या, हे लोकांच्या नजरेतून सुटले नाही.

मुक्ताईनगरच्या एका स्नेह्याने मला पत्रातून विचारले आहे, की लोकशाहीत हा राजेशाही अधिकार एकाच माणसाकडे राहिला कसा? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडच्या राजाकडून आलेली ही क्षमेची मुखत्यारी येथील घटनाकारांनी जवळजवळ जशीच्या तशी राष्ट्राध्यक्षाच्या स्वाधीन केली. महाभियोग आणि घटक राज्यांच्या कायद्याखालील गुन्हे एवढेच तिच्याबाहेर राहिले. न्यायखात्यात अर्ज तपासणारे दफ्तर आहे खरे, परंतु त्याची शिफारस राष्ट्राध्यक्षावर बंधनकारक नाही. मंत्रिमंडळाची संमती लागत नाही, आरोप दाखल झालेला असण्याचीदेखील गरज नाही. ८ सप्टेंबर १९७४ या रविवारी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी घोटाळ्यामुळे पद सोडावे लागलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी दिली तेव्हा निक्सन यांच्यावर खटला उभाच राहिला नव्हता. फोर्ड यांच्या वृत्तसचिवाने त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि १९७६ च्या निवडणुकीत मतदारांनी फोर्ड यांना घरी पाठविले.

शहाणे राष्ट्राध्यक्ष त्यावरून एवढेच शिकले, की माफी द्यावी ती मते मागण्याचे दिवस संपल्यावर! जो बायडन यांनी स्वतःच्या मुलाला १ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे निवडणूक आटोपल्यावरच, माफी दिली. पुढच्या २० जानेवारीस अधिकारावर येताच डोनाल्ड ट्रम्प यांनी, २०२१ साली संसदभवनावर चाल करून जाणाऱ्या सुमारे दीड हजार जणांच्या शिक्षा आणि खटले पुसून टाकले. उणेदुणे काढण्यात दोन्ही पक्ष तरबेज आहेत, आणि दोघांनाही उत्तर द्यायला तोंड नाही.

हा प्रश्न आपल्या तालुक्याला परका नाही. मुक्ताईनगर जेव्हा एदलाबाद होते, तेव्हा १९६७ ते १९८५ या काळात ज्यांना आपण चार वेळा विधानसभेवर पाठविले, त्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या, आणि फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज त्यांच्या मेजावर आले. घटनेच्या ७२ व्या कलमातील शब्द अमेरिकेच्या अधिकाराशी मिळतेजुळते आहेत. मेख आहे ती ७४ व्या कलमात. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे. फार तर एकवार फेरविचारास पाठवावे. आणि तो सल्ला काय होता याची चौकशी न्यायालयानेही करू नये! ताईंच्या कारकिर्दीत तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी सारी दया, आणि सारा दोष, त्यांच्याच पदरी घातला. गृहखात्याच्या सल्ल्यानुसारच हे घडले, असा खुलासा राष्ट्रपती भवनाला करावा लागला.

येथे निर्णय आणि बदनामी एकाच खुर्चीवर बसतात. आपल्याकडे निर्णय गृहखात्याच्या दफ्तरात आणि बदनामी राष्ट्रपती भवनात. तरीही अमेरिकेची रीत आपण उचलावी असे मला मुळीच वाटत नाही, कारण सग्यासोयऱ्यांना आणि देणगीदारांना सोडविण्याची ती उघड वाट आहे. मात्र दयेच्या प्रत्येक निर्णयाबरोबर मंत्र्याचा सल्ला व त्याची कारणे प्रसिद्ध व्हावीत, एवढी मागणी आपण आपल्या खासदाराकडे अवश्य करावी. दफ्तरदिरंगाई तरी उघडी पडेल. मुख्यतः तिच्यामुळेच २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पंधरा जणांची फाशी रद्द करावी लागली. त्याआधी, जून २०१२ मध्ये, कर्नाटकातील ज्या एका कैद्याची फाशी राष्ट्रपतींच्या सहीने जन्मठेपेत बदलली, तो २००७ सालीच तुरुंगात मरण पावला होता.