ढूंढ नदीला हवा प्राणवायू

जयपूरच्या दक्षिणेला चाकसू. या भागातली ढूंढ नदी पावसाळी. तिचं पाणी मोरेल, बनास, चंबळमार्गे यमुनेला मिळतं. उन्हाळ्यात अशा नदीत सांडपाणी सोडलं, तर ते विरळ करायला प्रवाहच नसतो. पंचवीस अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. घरगुती घाण कुजवताना जीवाणू लिटरमागे २०० मिलिग्रॅमही मागतात. मासे गुदमरतात ते त्यामुळे.

शुद्धीकरण केंद्रात हेच जीवाणू टाकीत पोसतात, खालून हवा सोडतात. घाण फस्त करून त्यांचे तपकिरी पुंजके तळाशी बसतात, वर नितळ पाणी उरतं. वीज परवडत नसेल, तर उथळ तळ्यांत शेवाळ उन्हावर प्राणवायू पुरवतं. राजस्थानात ऊन मुबलक आहे. लहान शहरांनी गटार नदीत सोडण्याआधी निदान एवढी तळी खोदायलाच हवीत.