पीएचपीतील ऑपरेटर : 'बरोबर'च्या खुणेचे तीन अर्थ

पीएचपी ही १९९५ पासून प्रचारात आलेली, संकेतस्थळांसाठी वापरली जाणारी प्रोग्रामिंग भाषा आहे. मूडल आणि वर्डप्रेस तिच्यातच लिहिलेले आहेत. तिचे +, -, *, / हे ऑपरेटर विद्यार्थ्यांना फारसे अडत नाहीत. भागाकारातील बाकी देणारा % आणि दोन मजकूर जोडणारा टिंब (.) एकदा सांगितले की पुरते. खरी अडचण होते ती = या खुणेची.

गणितात आपण ही खूण 'बरोबर' अशी वाचतो; उर्दू माध्यमाचा विद्यार्थी 'बराबर' म्हणतो. दोन्हीकडे ते विधान असते. पीएचपीत मात्र = हा आज्ञार्थ आहे आणि == हा प्रश्नार्थ. $गुण = ३५ म्हणजे 'गुणांच्या जागी ३५ ठेव'. $गुण == ३५ म्हणजे 'गुण ३५ आहेत का?' अटीत चुकून एकच खूण पडली, तर प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण ३५ होतात आणि अटही खरी ठरते. प्रोग्राम तक्रार करीत नाही. (चलाचे नाव देवनागरीत किंवा उर्दू लिपीत पीएचपीला चालते, आकडे मात्र इंग्रजीच लागतात. इथे ते छपाईच्या रीतीप्रमाणे दिले आहेत.)

== चा प्रश्नही सैलच असतो. दोन्ही बाजूंचे प्रकार वेगळे असतील तर पीएचपी ते आपणहून जुळवून पाहते. दोन्ही बाजूंना अंकी मजकूर असला तरी ती त्यांची तुलना संख्या म्हणून करते, त्यामुळे '०१२३' आणि '१२३' हे दोन बैठक क्रमांक तिला समान वाटतात. २०२० साली आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी 'गैरहजर' हा शब्द आणि ० हा अंकसुद्धा समान ठरत असे. तो दोष गेला; पण डेटाबेसमधील रिकामी नोंद, म्हणजे 'नल', == ने आजही शून्याबरोबर ठरते. परीक्षेला न बसलेली मुलगी आणि बसून शून्य गुण मिळालेली मुलगी यांत मग फरक राहत नाही. एकीच्या नावापुढे नापास लागते, दुसरीची फेरपरीक्षा हुकते. निकालपत्रात ही क्षुल्लक बाब नव्हे.

=== मूल्याबरोबर प्रकारही तपासतो, म्हणून तुलनेसाठी सवय त्याचीच लावावी. मात्र तोही डोळे मिटून वापरता येत नाही. फॉर्ममधून आलेली माहिती मजकुराच्या रूपात असते, तेव्हा '०' === ० हे खोटे ठरते. उपाय म्हणून आधीच पूर्णांकात रूपांतर केले, तर रिकामा रकाना शून्य होऊन बसतो आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम === '' ने रकाना रिकामा आहे का ते पाहावे, डेटाबेसमधून आलेल्या मूल्यासाठी === ने 'नल' तपासावे, आणि त्यानंतरच रूपांतर करून गुणांची तुलना करावी. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना १, ०, '०', '' आणि नल या पाच मूल्यांचा तक्ता दोन्ही ऑपरेटरांनी भरायला द्यावा. कोणते मूल्य कोणाशी जुळते ते त्यांनी आधी वहीत लिहावे, मग संगणकावर पडताळावे.