रंग आधी की सोल्युशन आधी?

गच्चीवर पालक-मेथी लावायला तीन इंची पीव्हीसी पाइपाचा स्टँड करायचा ठरला, की हौशी माणूस आधी सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून रंगवून टाकतो. रंग वाळला की एल्बो आणि टी जोडायला बसतो. पाणी सोडल्यावर सांधे ठिबकू लागतात आणि शिव्या खाते सोल्युशनची डबी. मीही तिला भरपूर घातल्या आहेत.

डबीत डिंकासारखं काहीतरी असतं, या समजातून ही सगळी भानगड होते. हार्डवेअरच्या दुकानातल्या सोल्युशनमध्ये मुळात पीव्हीसीच विरघळवलेलं असतं. टेट्राहायड्रोफ्युरान, मिथिल इथिल कीटोन, सायक्लोहेक्झेनोन अशा द्रावकांत. पाइपाची बाहेरची आणि फिटिंगची आतली बाजू त्याने मऊ पडते, दोन्हीकडचं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रावक उडून गेलं की दोन तुकड्यांचा एक होतो. मध्ये रंग असला तर द्रावक आधी त्यालाच विरघळवत बसतं. सांधा जुळतो तो रंगाशी, आणि पुढे रंगाच्या पापुद्र्याबरोबर सुटून येतो.

मग सोल्युशन जरा जास्तच थापावं? त्याने बिघडतंच. जादा माल आत ओघळून साचतो, तिथे पाइप नको इतका मऊ पडतो आणि वाळायला वेळ खातो. पाइपावर सगळीकडून सारखा हात आणि फिटिंगच्या आत पातळ थर, एवढं पुरतं.

रंगवलेले पाइप फेकायची मात्र गरज नाही. फिटिंगची खोली मोजून पाइपावर पेन्सिलीने खूण करायची आणि तेवढ्याच भागातला रंग पॉलिश पेपरने काढायचा. फिटिंगच्या आत रंग उडाला असेल तर तोही. थिनरने पुसलं की झालं, असं वाटतं खरं; पण थिनर रंग सगळीकडे फासतो, शिवाय पाइपालाही खातो. वॉटरपेपर ओला करून घासला तर धूळ उडत नाही, मात्र नंतर भाग अगदी कोरडा हवा. घासण्याच्या भरात पाइप बारीक करू नका. सोल्युशन न लावता घातलेला पाइप फिटिंगमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. खुळखुळत तळाला टेकला तर तो सांधा भरवशाचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे आधी जोडा, मग रंगवा. आधीच रंगवायचे असतील तर टोकांना मास्किंग टेप गुंडाळा.

जोडताना पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत दाबायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा, कारण फिटिंग आत निमुळतं असतं आणि पाइपाला मागे ढकलतं. पाणी दुसऱ्या दिवशी सोडायचं.

एकच सोल्युशन सगळ्या पाइपांना चालतं, हेही खरं नाही. गरम पाण्याच्या पिवळसर सीपीव्हीसीचं वेगळं असतं. हिरवा पीपीआर तापवून जोडतात. काळ्या एचडीपीईवर सोल्युशनचा काहीच परिणाम होत नाही.

पाऊस आला म्हणून हे काम घेऊन बाथरूममध्ये बसणारे आणि तोंडाला रुमाल बांधून निर्धास्त होणारे मी पाहिले आहेत. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लगेच पेट घेते. जवळ उदबत्तीसुद्धा नको. काम उघड्यावर करावं. पातळ रबरी हातमोज्यातून द्रावक पटकन झिरपतं, म्हणून थेंब सांडला की मोजा बदलायचा.

सांधा तपासायला कंप्रेसरची हवा भरणं तर भलतंच. दाबलेल्या हवेत ताकद साठलेली असते आणि पीव्हीसी फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. साधं पाणी भरा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवा आणि झोपा. सकाळी ज्याखालचा कागद ओला, तो सांधा कापून नवीन फिटिंग टाका. वरून एम-सील लिंपू नका.