आंबू द्यायचे की थांबवायचे?

चोर्यासी तालुक्यातले इच्छापोर सुरत-हजिरा रस्त्यावर आहे. गावाला लागून औद्योगिक वसाहत झाली, हिरे-दागिन्यांचे कारखाने आले, आणि पुढे हजिऱ्यापर्यंत पोलाद, वायू, खते यांचे अवाढव्य प्रकल्प उभे राहिले. त्यात राज्य दारूबंदीचे. युरोपात गेली चाळीस वर्षे गाजत असलेल्या ‘नॅचरल वाईन’बद्दल लिहायला कोणी हा पत्ता निवडणार नाही. पण या वाईनमागचा विचार नीट समजून घ्यायचा तर मला हाच किनारपट्टा सर्वांत सोयीचा वाटतो, आणि त्याचे कारण आहे नीरा.

सुरतेकडचा हिवाळा दोन गोष्टींचा. एक पोंक, म्हणजे आपला हुरडा, आणि दुसरी पहाटेची नीरा. सुरतच्या उधना-लिंबायत भागात दोन-तीन पिढ्या राहिलेल्या खानदेशी घरांनाही या दोन्हींची सवय झालेली आहे. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडातून रात्रभर ठिबकलेला हा रस सूर्य वर यायच्या आत प्यायचा असतो. दुपारपर्यंत तसाच राहिला तर तो ताडी होतो, आणि गुजरातेत ताडी म्हणजे गुन्हा. झाड तेच, रस तोच. मध्ये गेले ते फक्त काही तास.

हे काही तास कायद्याने फार बारकाईने पाहिले आहेत. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा, जो 1960 नंतर गुजरातने पुढे चालवला, नीरेची व्याख्या करताना रस न आंबलेला असावा एवढेच म्हणून थांबत नाही. आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात तो काढलेला असावा, असेही सांगतो. म्हणजे माणसाने हस्तक्षेप केला तरच ती नीरा. काहीच केले नाही तर निसर्ग आपले काम करतो आणि दारू होते. नॅचरल वाईन करणाऱ्यांना नेमके हेच हवे असते: निसर्गाने आपले काम करावे आणि आपण आड येऊ नये.

द्राक्षाच्या सालीवर आणि वाइनरीच्या भिंतींवर यीस्टच्या कितीतरी जाती मुळातच राहत असतात. द्राक्षे चिरडून ठेवली की त्या साखरेचा अल्कोहोल करू लागतात. हजारो वर्षे वाईन अशीच होत आली. 1860 च्या दशकात लुई पाश्चरने आंबवण्याचे काम सूक्ष्मजीव करतात हे दाखवले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाकिटात सुकवलेले, निवडक जातीचे यीस्ट बाजारात आले. आपल्या स्वयंपाकघरात इडलीचे पीठ हवेतल्या आणि डाळ-तांदळातल्या जिवाणूंवर आंबते, दह्याला मात्र विरजण लावावे लागते. पाकिटातले यीस्ट म्हणजे वाईनचे विरजण. त्याने खात्री आली. वाईन कधी आंबायला लागेल, कुठे थांबेल, तिला कसला वास येईल, हे आधी ठरवता येऊ लागले. पाठोपाठ इतर साधनेही आली: यीस्टसाठी खाद्य, आम्ल कमी पडले तर टार्टारिक आम्ल, रंग आणि तुरटपणासाठी टॅनिन, गढूळपणा काढायला बेंटोनाइट माती, अगदी बारीक गाळणी. यातले बहुतेक काही अपायकारक नाही. पण जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या वाईन एकमेकींसारख्या लागू लागल्या, ही तक्रार खरी होती.

फ्रान्सच्या बोझोले भागातला ज्यूल शोव्हे हा स्वतः वाईनचा व्यापारी आणि रसायनशास्त्राचा जाणकार. 1989 मध्ये तो वारला. विज्ञानाशी त्याचे भांडण कधीच नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट बघणारा माणूस होता तो. वेलीवर द्राक्ष निरोगी असेल, तोडणी हाताने आणि थंड वेळी झाली असेल, भांडी स्वच्छ असतील, तर बाहेरचे यीस्ट आणि वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधक दोन्ही टाळता येतात, असे त्याने प्रयोग करून दाखवले. मोर्गाँ गावच्या मार्सेल लापिएरने आणि त्याच्या शेजारच्या काही बागायतदारांनी हे 1980 च्या दशकात अंगीकारले. तिथून ही चळवळ पॅरिसच्या छोट्या बारांत आणि मग जगभर गेली. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत, म्हणजे क्वेव्हरीत, सालीसकट वाईन करण्याची रीत तर अखंड चालत आलेली होती. युनेस्कोने 2013 मध्ये तिला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

‘नॅचरल’ म्हणजे नक्की काय, यावर बराच काळ नुसताच वाद होता. 2020 मध्ये फ्रान्समध्ये ‘व्हँ मेथोद नातूर’ नावाची सनद झाली. सेंद्रिय द्राक्षे, हाताने तोडणी, द्राक्षासोबत आलेलेच यीस्ट, आणि आंबवण्याच्या आधी किंवा आंबताना गंधक अजिबात नाही. बाटलीत भरताना थोडे गंधक घातले तर लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत, आणि त्याचे चिन्ह वेगळे. तुलनेसाठी सांगायचे तर युरोपात नेहमीच्या कोरड्या लाल वाईनला 150 आणि पांढऱ्या वाईनला 200 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

गंधकाचे हे प्रकरण मराठी द्राक्षबागायतदाराला नवे नाही. तासगावचा पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीने पिवळा राहतो. निर्यातीच्या द्राक्षपेटीत जो ‘ग्रेप गार्ड’ कागद ठेवतात त्यातून हळूहळू सुटतो तो सल्फर डायऑक्साइडच. तो बुरशी आणि जिवाणू रोखतो, हवेने फळ काळे पडू देत नाही. वाईनमध्येही त्याचे काम हेच. म्हणून तो वगळायचा तर त्याची सगळी कामे दुसऱ्या कशाने तरी करावी लागतात, आणि ते ‘दुसरे काही’ म्हणजे माणसाची मेहनत. सडका मणी हाताने वेचून काढणे, तोडणी पहाटे करणे, प्रत्येक नळी गरम पाण्याने धुणे, रोज चव घेऊन पाहणे. कमी हस्तक्षेपाची वाईन म्हणजे आळसाची वाईन, असा समज असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

ताडाच्या रसात हे आपोआप आंबणे फार वेगाने घडते. ताज्या नीरेत शेकडा दहा ते पंधरा साखर असते आणि आम्लता जवळजवळ नसते. द्राक्षाच्या रसाला त्याच्या आम्लाचे संरक्षण असते, नीरेला ते नाही. त्यामुळे झाडाच्या कापलेल्या जागेवरून, मडक्यातून, हवेतून, माश्यांच्या पायांवरून जे काही आत पडेल ते तिथे वाढते. आधी दुधाचे आम्ल करणारे जिवाणू रस आंबट करतात, मग यीस्ट आणि झायमोमोनास मोबिलिस नावाचा जिवाणू अल्कोहोल करतात. पुढे व्हिनेगर करणारे जिवाणू ताबा घेतात. एक-दीड दिवसात चार-पाच टक्के अल्कोहोल, आणि त्यानंतर थेट सिरका. वाईनला जे करायला आठवडे आणि महिने लागतात ते इथे एका उन्हात होते. विरजण नाही, पाणी नाही, गाळणी नाही. शोव्हेच्या शिष्यांनी ताडी पाहिली असती तर यापेक्षा कमी हस्तक्षेप कसला, असेच म्हणाले असते.

नीरा काढणाऱ्याचे कौशल्य मात्र हा ओघ अडवण्यात आहे. संध्याकाळी झाडावर चढून काप ताजा करायचा, मडक्याला आतून चुन्याचा लेप द्यायचा. चुन्याने रस अल्कधर्मी राहतो आणि जिवाणूंना हातपाय पसरता येत नाहीत. रात्रीची थंडी उरलेले काम करते. शिंदीची नीरा हिवाळ्यात चांगली मिळते ती झाडाच्या ऋतुमानाइतकीच या थंडीमुळेही. पहाटे उतरवायची, गाळायची, लगेच बर्फात ठेवायची. चुना कमी पडला तर रस फसफसतो, जास्त झाला तर जिभेला खडूसारखी चव लागते. या दोहोंमधली अचूक मात्रा चढणाऱ्याच्या हाताला माहीत असते. मला तरी हे काम बोझोलेतल्या कोणत्याही तळघरातल्या कामाइतकेच नाजूक वाटते.

या पट्ट्यात ताडी नुसते पेय म्हणून कधी राहिली नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडी काढायच्या झाडांवरचा कर आणि मक्तेदारी यांनी पिणाऱ्या आदिवासींची आणि झाडावर चढणाऱ्यांची, दोघांचीही कोंडी केली. दक्षिण गुजरातेत ताडी-दारूची दुकाने बरीचशी पारशी मक्तेदारांकडे होती. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये सुरू झालेला देवीचा संचार डोंगर ओलांडत डांगातून सुरत जिल्ह्यात पोचला. देवी अंगात आलेल्या बायाबापड्यांच्या तोंडून आज्ञा येत: दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्यांकडे मजुरीला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर 1987 मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. कर्जात बुडालेल्या माणसांनी दारूच्या दुकानदाराला नाही म्हणणे, हे त्या नकाराचे मूळ होते. ‘नैसर्गिक’ पेयांचे कौतुक करताना हा इतिहास विसरून चालणार नाही. ताडी निसर्गाने केलेली असली तरी तिच्यावरचे कर्ज माणसांनीच केलेले होते.

गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमाने यातून एक वेगळी वाट काढली. 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. दारूबंदी आली तर चढणाऱ्यांच्या पोटाचे काय, या प्रश्नाला तिथले उत्तर होते नीरा आणि ताडगूळ. झाडे तोडायची नाहीत, माणसे हटवायची नाहीत. आंबायच्या आधी रस प्यायचा किंवा आटवायचा. या कामात गजानन नाईक हे मराठी नाव पुढे आले. डहाणूला खादी ग्रामोद्योग आयोगाचे जे प्रशिक्षण केंद्र आहे त्याला आज त्यांचेच नाव आहे. इच्छापोरपासून डहाणूपर्यंत काही तासांचा पट्टा, आणि त्यात एका बाजूला ताडीला परवाना तर दुसऱ्या बाजूला बंदी. झाडांना अर्थात ही सीमा ठाऊक नाही.

महाराष्ट्रात ताडीची दुसरी, वाईट गोष्टही घडली आहे. शहरांच्या आसपास झाडे नसलेल्या वस्त्यांत ‘ताडी’ विकली जाते आणि छाप्यांत तिच्यात क्लोरल हायड्रेट सापडते. गुंगी आणणारे हे रसायन, वर पाणी, साखर आणि पांढरा रंग. झाडाचा त्यात थेंब नसतो, आणि माणसे मरतात. हस्तक्षेप कमी की जास्त, हा वाद श्रीमंतांच्या चोचल्यांचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही ताडी आठवावी. पेयात काय घातले आहे हे पिणाऱ्याला कळणे, एवढीच या वादाची खरी गाभ्याची मागणी आहे. युरोपात लिटरला 10 मिलिग्रॅमहून जास्त गंधक असेल तर बाटलीवर लिहावेच लागते.

मग आपल्या नाशिकला अशी वाईन सर्रास का होत नाही? नाशिकमध्ये जिद्दीची कमतरता नाही. 2000 साली सुला वाइनरीच्या पहिल्या बाटल्या निघाल्या, 2001 मध्ये महाराष्ट्राचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, आणि दिंडोरी, विंचूर, गंगापूर धरणाचा परिसर वाईनच्या नकाशावर गेला. अडचण हवामानाची आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिला आपण आपल्या वेळापत्रकात बसवतो. ही छाटणीच केवढा मोठा हस्तक्षेप आहे! त्यात ऑक्टोबरचा अवकाळी पाऊस आला की डाऊनी आणि करपा, थंडीत भुरी, हे बुरशीचे रोग येतात. फवारणी चुकवली तर घडच राहत नाहीत. तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन वाढत असताना; द्राक्षात साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने उतरते. आम्ल कमी म्हणजे रस नीरेसारखा उघडा पडतो. अशा रसात गंधक न घालता जंगली यीस्टवर विसंबायचे, तर यीस्टच्या आधी नको ते जिवाणू पोचण्याचा धोका मोठा. व्हिनेगरचा झणका, घोड्याच्या खोगिरासारखा वास देणारे ब्रेटानोमायसीस हे यीस्ट, प्यायल्यानंतर घशात उरणारी उंदराची दुर्गंधी, हे दोष युरोपातल्या थंड तळघरांतही होतात. काही पुरस्कर्ते त्यांना ‘स्वभाव’ म्हणून खपवतात. मला ते पटत नाही. बिघडलेली वाईन बिघडलेलीच असते, मग ती कितीही प्रामाणिकपणे बिघडलेली असो.

गोव्यात मात्र कोणी घोषणा न देता हे चाललेले आहे. काजूची बोंडे गळून खाली पडली की वेचायची, तुडवायची, रस मडक्यात किंवा पिंपात दोन-तीन दिवस आपोआप आंबू द्यायचा. यीस्ट घालायचे नाही, पाणी घालायचे नाही. पहिल्या उकळीला हुर्राक, दुसऱ्या उकळीला फेणी. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे उष्णता अडचण होत नाही, कारण आंबलेला रस लगेच भट्टीवर जातो आणि जिवाणूंना पुढचा डाव मिळत नाही. नाशिकच्या वाईनला मात्र बाटलीत टिकायचे असते.

म्हणून नाशिकमधला खरा बदल वेलीपासूनच सुरू होईल. कमी फवारणीत तग धरणारे वाण मिळाले तर वाइनरीत घालायच्या रसायनांच्या बाटल्या-पुड्याही आपोआप कमी होतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय 516’ हा वाण तयार केला. तो बुरशीला बऱ्यापैकी तोंड देतो, लवकर पिकतो, आणि रस, बेदाणा, जॅम यांच्याबरोबर लाल वाईनसाठीही चालतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावरही वाणांचे काम सुरू असते. ज्या बागायतदाराला आपल्या शेतातल्या यीस्टवर भरवसा टाकून पाहायचा आहे त्याने निवडीचा सुरा वाइनरीत नव्हे, रोपवाटिकेत चालवावा. पहिल्या वर्षी दोन रांगा, जानेवारीच्या पहाटेची तोडणी, आणि लेबलावर जे केले ते आणि जे केले नाही ते, दोन्ही स्पष्ट छापलेले.