विषाणुसंसर्ग, हृदय आणि रक्तातील प्रथिने

विषाणूने मुख्यतः फुप्फुसावर हल्ला केला, तरी त्याची झळ हृदयालाही पोहोचू शकते. इन्फ्लुएन्झा, कॉक्सॅकी विषाणू आणि डेंग्यू यांच्या संसर्गात हे पूर्वीपासून ज्ञात होते. कोविडच्या साथीत ते ठळकपणे समोर आले. 9 मार्च 2020 रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण आढळले आणि पुढे सीआरपी, डी-डायमर ही प्रयोगशाळेतील नावे घरोघरी ऐकू येऊ लागली.

हृदयाला इजा होण्याची कारणे अनेक आहेत. विषाणू किंवा त्याला दिलेला प्रतिकार यांमुळे हृत्स्नायूचा दाह होतो, रक्तात गुठळ्या होऊन वाहिन्या अडतात, तसेच प्राणवायू कमी पडल्याने हृदयावर ताण येतो. या प्रत्येक प्रक्रियेची खूण रक्तद्रवातील प्रथिनांत उमटते.

उगमानुसार या प्रथिनांचे तीन गट पाडता येतात. पहिला गट यकृतात तयार होणाऱ्या दाहनिदर्शक प्रथिनांचा. इंटरल्यूकिन-6 या संदेशक प्रथिनाच्या प्रभावाने यकृत सीआरपीची निर्मिती वाढवते आणि अल्ब्युमिनची घटवते. टिलेट व फ्रान्सिस यांनी 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सीआरपी शोधले. दाह सुरू झाल्यावर काही तासांतच त्याची पातळी वाढू लागते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 19 तासांचे असल्याने दाह ओसरताच ती झपाट्याने उतरते.

दुसरा गट रक्तगोठणाशी निगडित आहे. फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे जाळे विणले जाते. ते विरघळताना सुटणारा तुकडा म्हणजे डी-डायमर. या तपासणीसाठी सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्त व एक भाग द्रावण असे प्रमाण राखावे लागते. नळी अपुरी भरल्यास निष्कर्ष चुकू शकतो.

तिसरा गट हृदयाचा स्वतःचा. ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे प्रथिन जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांच्या संशोधनातून 1960च्या दशकात पुढे आले. त्याचे आय व टी हे हृदयातील प्रकार रक्तात वाढल्यास हृत्स्नायूच्या पेशींना इजा झाल्याचे कळते. बीएनपी हे हृदयातील दुसरे प्रथिन मात्र इजेपेक्षा ताण दर्शवते. जवनिकांची भिंत ताणली गेली की ते स्रवते.

प्रथिनांचा असा एकत्रित अभ्यास महाराष्ट्रातही झाला. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या सहकार्याने कोविड रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिनसंच वस्तुमान वर्णपटमापकाने तपासला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सौम्य व गंभीर आजारातील प्रथिनांची तुलना होती. रक्तगोठण व प्रतिकारशक्तीशी संबंधित प्रथिनांतील फरक त्यातून पुढे आले.

उपयोगाच्या दृष्टीने एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. मूत्रपिंडाच्या विकारात ट्रोपोनिन, तर गरोदरपणात व शस्त्रक्रियेनंतर डी-डायमर वाढलेले आढळू शकते. म्हणून एकाच आकड्यावरून निदान करता येत नाही. ठरावीक अंतराने केलेल्या तपासण्यांतील चढउतार, हृदयालेख, प्रतिध्वनी चित्रण आणि रुग्णाची लक्षणे यांची सांगड घातली, तरच दाह, गुठळी व हृत्स्नायूची इजा वेगवेगळी ओळखता येते आणि प्रत्येकीवर योग्य तो उपचार ठरवता येतो.