डाव्या पायाने काढलेले अक्षर

डब्लिनमधील एका गवंड्याचे घर. पाच वर्षांचा क्रिस्टी जमिनीवर पडून भावंडांचा अभ्यास पाहत होता. त्याला बोलता येत नव्हते, हात ताब्यात नव्हते. डॉक्टरांच्या मते त्याला बुद्धीच नव्हती. अचानक त्याने डाव्या पायाच्या बोटांनी बहिणीच्या हातातला खडू ओढून घेतला. आईने लगेच इंग्रजी 'ए' काढून दाखवला आणि धडपडत का होईना, त्याने तो गिरवला.

हाच पुढे चित्रकार आणि लेखक झालेला क्रिस्टी ब्राउन (१९३२-१९८१). त्याला सेरेब्रल पाल्सी होती. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाली, की ही अवस्था येते. स्नायू धड असतात; बिघडते ते त्यांचे नियंत्रण. मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे नको त्या हालचाली रोखून धरतात. तिथे इजा झाली तर हातपाय आपोआप पिळवटतात. ओठ, जीभ, स्वरयंत्र हेही स्नायूंवरच चालतात, म्हणून बोलणे अस्पष्ट होते. विचार करणारा भाग मात्र शाबूत असू शकतो.

बाराव्या वर्षी क्रिस्टीला एका वृत्तपत्राच्या चित्रस्पर्धेत बक्षीस मिळाले. पुढे डॉ. रॉबर्ट कॉलिस यांच्यामुळे उपचार सुरू झाले, तेव्हा अट घातली गेली: डावा पाय वापरायचा नाही! त्या पायावरच सारी भिस्त ठेवल्याने बाकीचे शरीर ताणले जात होते. त्यामुळे आत्मचरित्र त्याने भावांना सांगून लिहून घेतले. ते १९५४ साली प्रसिद्ध झाले.

त्यावरूनच १९८९ मध्ये जिम शेरिडन यांनी 'माय लेफ्ट फूट' हा चित्रपट काढला. क्रिस्टीची भूमिका करणारे डॅनियल डे-लुईस चित्रीकरणाच्या काळात कॅमेरा बंद असतानाही चाकांच्या खुर्चीतच बसून राहत. त्यांना आणि आईची भूमिका करणाऱ्या ब्रेंडा फ्रिकर यांना ऑस्कर मिळाले. चित्रपटातला क्रिस्टी हट्टी आहे, चिडतो, प्रेमातही पडतो. तो कीव मागत नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'बोलत नाही' म्हणजे 'समजत नाही' असे नव्हे. अशा मुलाला प्रश्न विचारा, उत्तरासाठी पुरेसा वेळ द्या आणि त्याची कोणती हालचाल त्याच्या ताब्यात आहे ते शोधा. नजर, मान, एखादे बोट, काहीही चालेल. क्रिस्टीच्या आईने वेगळे काय केले होते?